पाच गाठी

आमच्या पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसून मी सुतळीला चौथी गाठ मारली. ती रैनीबाईच्या हातात ठेवणार, तेवढ्यात साहेब बाहेर आले.

"चार दिवसांनी नको. मंत्र्यांना वेळ नाही, आणि आत्मसमर्पण त्यांच्यासमोरच व्हायला हवं. अजून पाच दिवस थांबायला सांग."

मी आणखी पाच गाठी मारल्या. आम्हा माडिया लोकांत लग्नाचं बोलावणंसुद्धा असंच जातं. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की निघायचं. रैनीबाईची लेक जुरी सहा वर्षं नक्षल्यांच्या दलममध्ये होती. आता तिला बंदूक टाकून घरी यायचं होतं.

"तिला नीट सांग, माय," मी म्हणालो. "गाठी संपल्याशिवाय निघायचं नाही."

सुतळी कमरेला खोचून बाई जंगलाकडे गेली.

पाचव्या दिवशी पहाटे दुसऱ्या तुकडीनं ते दलम घेरलं. दुपारी पंचनाम्याला मलाच पाठवलं. जुरीच्या खिशात सुतळी होती.

मंत्री ठरल्या दिवशी आले. मांडव घातलेलाच होता. त्यांनी चकमकीबद्दल आमचं अभिनंदन केलं, साहेबांच्या गळ्यात हार घातला.

रैनीबाई मांडवाबाहेर उभी होती. लेकीला मातीत ठेवून तिला तीनच दिवस झाले होते. मला पाहून ती जवळ आली.

"दादा, पोरीनं मोजताना चूक केली का?"

"नाही माय," मी म्हणालो. "तिनं एकही गाठ जास्त सोडली नव्हती. बरोबर पाच शिल्लक होत्या."