फेब्रुवारीतलं पुस्तक

वर्लिन पोस्टमा बोलायला उभा राहिला तेव्हा मंडळी कॉफी ओतून घेत होती. उपासना संपून चर्चच्या तळघरात जेवणं आटोपत आली होती. अमेरिकेत, आयोवातल्या त्या गावात मक्याची शेती सांभाळून इतकं वाचणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून दर डिसेंबरात चर्चचे पाळक त्यालाच बोलायला उठवायचे. वर्षभरात कोणत्या पुस्तकांनी आपले विचार घडवले, ते तो सांगायचा.

"वर्षाच्या सुरुवातीला चर्चच्या मंडळीने पाळायच्या शिस्तीवरचं एक पुस्तक वाचलं," तो म्हणाला. "तेव्हा अगदी पटलं. मग सुगीत क्षमेवरचं एक हाती आलं. मका कापायच्या कम्बाइनमध्ये बसून वाचताना रडलो मी. माणूस वाचत राहिला की देव त्याला पुढे नेतो."

लोकांनी माना डोलावल्या. शिस्तीचं पुस्तक वाचून त्याने काय केलं होतं, ते कोणी काढलं नाही. फेब्रुवारीत याच तळघरात, भरल्या सभेत उठून तो म्हणाला होता की नवऱ्याला सोडून आलेल्या बाईने संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवू नये. डार्ला हाउसमनचा वर्ग त्याच दिवशी काढून घेतला गेला. तिने चर्चमध्ये येणंच सोडलं. आता फक्त आईला दारात सोडायची आणि न्यायला यायची.

वरच्या अरुंद खिडकीतून तिच्या गाडीची चाकं दिसली. वर्लिन क्षमेचं पुस्तक उचलून, कोट न घालताच बाहेर गेला.

तिने काच अर्धी खाली केली.

"हे तुझ्यासाठी," तो म्हणाला. "महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्यात."

"काय आहे यात?"

"मी तेव्हा चुकलो, ते यात..."

"यात लिहिलंय? तुम्ही चुकलात, असं?"

वर्लिनच्या कानांना थंडी झोंबत होती. पुस्तक धरलेला हात त्याने मागे घेतला.

"मी चुकलो, डार्ला," तो शेवटी म्हणाला.

"हळू बोलताय, मिस्टर पोस्टमा. तेव्हा शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "आईचं झालं की पाठवा. घाई नको करू म्हणावं."

काच वर गेली.

तो खाली आला तेव्हा शेवटची प्रार्थना चालू होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. गुपचूप आपल्या खुर्चीत जाऊन बसला असता, तर कोणाला कळलंही नसतं. खुर्चीच्या पाठीला हात लावून तो उभाच राहिला.

आमेन झालं. खुर्च्या सरकल्या, लोक कोट शोधू लागले.

"वर्लिन, तुमचं काही राहिलं का?" पाळकांनी विचारलं.

पलीकडच्या टेबलाशी डार्लाची आई डब्याला झाकण लावत होती. तिचे हात थांबले.

"राहिलं," वर्लिन म्हणाला. "जरा बसा सगळे."