गोंडे बांधायचा दिवस

"कात्री आण गं," युसेबिया म्हणाली, आणि योवानाच्या काळजात धस्स झालं.

गोंडे बांधायच्या दिवशी कात्री लागत नाही. सुई लागते, रंगीत लोकर लागते, घसा ओला करायला मक्याची दारू लागते आणि जनावर धरायला एखादा दणकट माणूस लागतो. लोकरीसाठी पाळलेल्या अल्पाकाच्या कानात नवा गोंडा ओवायचा, जुना तसाच राहू द्यायचा. जुना कापायचा तो एकाच कारणानं, जनावराचा मालक बदलला तर.

योवाना कात्री घेऊन आली. तिची सासू युसेबिया जनावरं कोंडायच्या दगडी वाडग्याच्या मधोमध उभी होती, टोपीत फुलं खोचून. समोर दीर हिलारियोनं एका पांढऱ्या मादीच्या गळ्यात हात टाकून तिला धरून ठेवलं होतं. मादीच्या कानांत पिवळे गोंडे होते. पिवळा रंग फ्रेदीचा, योवानाच्या नवऱ्याचा. दोन पावसाळ्यांपूर्वी कुरणात वीज पडली, जनावरं वाचली आणि तो गेला. तेव्हापासून त्याच्या जनावरांच्या कानांत योवानाच पिवळा गोंडा ओवत आली होती.

म्हातारीला कळलंय, योवानाच्या मनात आलं.

न कळण्यासारखं होतं तरी काय? लोकर न्यायला येणारा ट्रकवाला रोलांदो हल्ली लोकर नसतानाही यायला लागला होता. कातरणी तर पाऊस लागायच्या आधीच उरकली होती. टायर बघतो म्हणून थांबायचा, पाणी मागायचा, आणि ते एवढंसं पाणी संपेपर्यंत अर्धी सकाळ निघून जायची. मागच्या खेपेला त्यानं सरळच विचारलं, "माझ्याशी लग्न करशील?" योवाना हो म्हणाली. त्या दिवसापासून तिला म्हातारीच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता.

त्यात आज सकाळचा प्रकार. कुठल्या माद्या गाभण राहिल्यात ते बघायचं काम चाललं होतं. हिलारियो नराला एकेकीजवळ नेत होता. गाभण मादी नराला खपवून घेत नाही, थुंकते आणि पळते. पहिलीनं नराच्या तोंडावर अशी हिरवी पिचकारी मारली की युसेबियानं टाळ्या वाजवल्या. दुसरी मात्र पाय दुमडून गुमान खाली बसली.

"जिला नको असतो ती थुंकते," युसेबिया म्हणाली. "आणि जिला हवा असतो ती पाणी देते, बटाटे उकडून देते, वर चीजसुद्धा देते."

हिलारियो खो खो हसला. योवानाचे कान तापले. म्हातारी स्वतः हसली नव्हती, तेच तिला जास्त लागलं.

जनावरांचं योवानाला काही नव्हतं. विधवा सून दुसरं घर करते तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी निघते, जनावरं दिराकडे जातात. हे तिला ठाऊक होतं आणि कबूलही होतं. तिचा जीव अडकला होता तो म्हातारीत. योवाना रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. नीट वेणी घालायला, बारीक सूत कातायला, इतकंच काय, धड भांडायलाही तिला या सासूनंच शिकवलं. फ्रेदी गेला त्या रात्री दोघी एका पांघरुणात झोपल्या, त्या अजून तशाच झोपत होत्या. या बाईनं तोंड फिरवलं तर रोलांदोच्या घरी योवानाच्या घशाखाली घास उतरला नसता.

कात्री चालू लागली. युसेबियानं कापताना कुठल्याही कानाला इजा होऊ दिली नाही. एकेक पिवळा गोंडा ती हातात घ्यायची, क्षणभर बघायची आणि पोलक्यात ठेवायची. फ्रेदीच्या सगळ्या जनावरांचे कान रिकामे झाले.

"बरं केलंस आई," हिलारियो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, नुसता उतावळा होता. "कधीतरी करायचंच होतं. माझी निळी लोकर आणू?"

"आत्या," योवानाला राहवेना, "मी सांगणारच होते तुम्हाला. रोज सांगायचं ठरवत होते. तुम्ही मला—"

"बडबड नको. ती पांढरी धर आधी, पाय झाडतेय."

योवानानं पांढरीला धरलं आणि तिच्या मानेच्या लोकरीत तोंड खुपसून रडून घेतलं. युसेबियानं खांद्यावरची शाल सोडली आणि आतून लोकर काढली. ती निळी नव्हती. गुलाबी होती.

हिलारियो बघतच राहिला. या वाडग्यात गुलाबी लोकर आजवर कुणी आणलीच नव्हती. त्यांच्यात गुलाबी गोंडा घरच्या लेकीचा. लेक लग्न होऊन जाते तेव्हा तिची गुलाबी गोंड्यांची जनावरं तिच्या मागोमाग चालत जातात आणि त्यांना कुणी अडवत नाही. पण युसेबियाच्या पोटी दोन्ही मुलगेच.

"आई, रंग चुकला तुझा," तो म्हणाला. "हा लेकीचा. आपल्या घरात लेक आहे कुठं?"

युसेबियानं लोकरीचं टोक ओठात धरून ओलं केलं. सुई ओवली. पांढरीच्या कानात गुलाबी गोंडा घातला आणि चांगली पक्की गाठ मारली. मग योवानाकडे न बघताच म्हणाली,

"त्या ट्रकवाल्याला निरोप धाड, पोरी. मुलगी मागायची असेल, तर तिच्या आईच्या दारात येऊन मागायची."