कुमुदिनीताईंचा होकार

“उद्या माझ्या लेकीची हळद आहे आणि माझी रजा कोणी रद्द केली?” कुमुदिनीताई बैठकीच्या खोलीत शिरल्या त्या कडाडतच.

खोलीत जिवंत माणूस एकच, गटप्रमुख आल्हाद. बाकी खुर्च्यांवर संगणकाचे पडदे होते, आणि पडद्यांवर एकेका प्रोग्रामरची प्रतिकृती त्याच्या वतीने बोलत होती.

“तुम्हीच केलीत, ताई,” आल्हाद म्हणाला. “म्हणजे तुमच्या प्रतिकृतीनं. काम अडलंय म्हटल्यावर लगेच हो म्हणाली.”

“मला न विचारता?”

“तुमच्या अकरा वर्षांच्या ईमेलवरून घडलीय ती. त्यात तुम्ही एकदाही नाही म्हटलेलं नाही.”

कुमुदिनीताईंच्या डोळ्यांत पाणी दाटलं आणि दाटता दाटताच त्याला उकळी फुटली. समोरच्या पडद्यावर त्यांचाच चेहरा हसत होता, ताज्या पिठासारख्या मऊ आवाजात म्हणत होता, “करते हं मी.”

“नाही!” त्या ओरडल्या. “नाही करणार! मेले तरी नाही!”

दारावरच्या ओळख तपासणाऱ्या यंत्रानं त्यांना न्याहाळलं. “कुमुदिनीताई कामावर हजर आहेत,” ते नम्रपणे म्हणालं. “तुम्ही त्या नाही. कृपया बाहेर जा.”

आल्हाद धडपडत उठला. “थांबा ताई, मी त्याला समजावतो.”

“खबरदार समजावलंस तर!” असं म्हणून त्या तरातरा हळदीच्या तयारीला निघाल्या.