पटावरचं नाव

"दातांना तारा बसवायच्या म्हणजे दोन वर्षांचं काम. दर महिन्याला यायचं. एकही खाडा चालणार नाही," नोंदणीच्या ताईंनी बजावलं.

समोर मायलेकी बसल्या होत्या. आईनं स्कार्फ नाकापर्यंत ओढून घेतला होता आणि मांडीवर दप्तर धरलं होतं. बोलण्याचं काम बारा वर्षांच्या लेकीनं अंगावर घेतलं होतं.

"खाडा नाही होणार. मी बघते ना!"

"तू काय बघतेस? एवढीशी तर आहेस!"

"मग काय झालं? घरातले सगळे मला घाबरतात."

दवाखान्यात ताईंना पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणत. मोफत तारांच्या योजनेतली शेवटची जागा आज भरायची होती आणि टेबलावर पाच कार्डं होती. कुणाला गरज आहे, हे शाळेतल्या दंतशिबिरात डॉक्टरांनी ठरवलेलं. शेवटपर्यंत कोण टिकेल, हे ताईंनी ठरवायचं. गेल्या वर्षी दोन मुलं अर्ध्यातूनच गळाली. एकाच्या आईला रजा मिळेना, दुसरीच्या गळ्यात धाकटी भावंडं. त्यांच्या तारा काढून टाकताना ताई खोलीबाहेर निघून गेल्या होत्या.

त्यांनी समोरचं कार्ड पुन्हा वाचलं. इयत्ता आठवी. वरचे दात पुढे आलेले, दोन एकमेकांवर चढलेले. खाली वर्गशिक्षिकेचा शेरा: 'गणितात पहिली. हजेरी पूर्ण. वाचायला उभं केलं की तोंडावर हात जातो.'

दात बघून शाळा ओळखता येते, हे ताईंना एव्हाना पाठ झालं होतं. मोठ्या शाळेतली मुलं तारांना रंगीत रबरं लावून मिरवत. या कार्डावरच्या शाळेतली मुलं हसू आलं की मान खाली घालत.

"घरी कुणी चिडवतं का गं?"

"कुणाची बिशाद आहे!" लेक म्हणाली.

"अभ्यास कोण घेतं?"

"आम्ही एकमेकींचा घेतो."

ताईंना हसू आलं. त्या आईकडे वळल्या. "आणि तुमचं काय हो? कामावरून दर महिन्याला सोडतील?"

"मुकादमांशी बोललेय," स्कार्फआडून आवाज आला. "सुट्टीच्या दिवशी काम करून भरून देईन. पण येणार म्हणजे येणार."

ताईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. अशी आई पाठीशी असली की निम्मं काम झालं. योजनेची अट एकच होती, शाळेच्या पटावर नाव हवं. ते होतं. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि बाकीची चार कार्डं पुढच्या वर्षीच्या फाइलीत वरच ठेवली.

"जा बाळा, आत खुर्चीत जाऊन बस. आई थांबेल इथं."

मुलगी जागची हलली नाही. तिनं आईला कोपरानं ढोसलं.

"ऊठ ना, आई. आठवीत जाऊन बसायला लाजली नाहीस, मग त्या खुर्चीत बसायला काय घाबरतेस?"