गंजलेली टाकी आणि रामनगरचे खड्डे

नरहरपंतांच्या जुन्या मोटारीची पेट्रोलची टाकी आतून गंजली होती. "उद्या भंगारवाला गाडी न्यायला येतोय," त्यांच्या पत्नीने, शरदिनीबाईंनी बजावलं. पंतांनी टाकी उतरवून तिच्यात व्हिनेगर आणि मूठभर खडी भरली. आता ती खूप हादरली की गंज सुटणार होता. टाकी मांडीवर घेऊन ते ई-रिक्षात बसले. रामनगरच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. पण वाटेतला पूल ओलांडला तरी धक्का बसेना. "भैया, गड्ढे कहाँ गए?" "कल ही नई सड़क बनी, पंडितजी. एकदम मक्खन!" जन्मभर शिव्या खाल्लेला रस्ता ऐन वेळी सुधारला होता. घरी येऊन पंत एकटेच टाकी हलवू लागले आणि कंबर धरून मटकन बसले. शरदिनीबाईंनी पदर खोचून टाकीची दुसरी बाजू उचलली. "उठा! लग्नापासून गाडी ढकलतेय, आता टाकीही हलवते. भंगारवाल्याला नकार मात्र तुम्ही द्यायचा."