नऊशे वीस वॉट

भायखळ्याच्या चाळीत, ऐन मे महिन्यात, व्हिन्सेंटचा देह ठेवलेली शीतपेटी फ्यूज उडून पुन्हा बंद पडली. मुलगा उद्या दुबईहून येईपर्यंत कॅथरीनचा नवरा टिकायला हवा होता. शेजारचा दत्ताराम म्हणाला, “जेनेल, फ्यूजमध्ये जाड तार घाल. हत्ती बांधलास तरी तुटायची नाही.” “आणि भिंतीतली जुनी वायर पेटली तर, काका?” लेक जेनेलने पेटीवरचे आकडे वाचले. “दोनशे तीस व्होल्ट गुणिले चार अँपिअर, नऊशे वीस वॉट. पाचचा फ्यूज साडेअकराशेच झेलणार. मम्मा, उरलेल्यात फ्रिज, पंखे मावत नाहीत.” तिने पेटी सोडून बाकी सगळी बटणं बंद केली आणि फ्यूजमध्ये पाचचीच तार घातली. पेटी घुरघुरू लागली. घामाघूम कॅथरीनने काचेवर हात ठेवला. “व्हिन्सेंट, काजव्यालासुद्धा दटावायचास रे, उगाच कशाला पेटतोस म्हणून. आज घरातली सगळी वीज एकटा खातोयस. खा. मी बोलणार नाही.”