वीस पत्रे

आमदारसाहेबांच्या धाराशिवच्या कार्यालयात पीए उमाशंकरनं निवेदन हातात घेतलं, ते घेतानाचा फोटो काढून घेतला आणि निवेदन न वाचताच फायलीत टाकलं. मग खुर्चीला टेकून म्हणाला, "बोला अध्यक्ष. थोडक्यात, काय पाहिजे?"

अध्यक्ष म्हणजे कोंडीराम. बेंबळीकडच्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेच्या समितीचे. एरवी पारावर बसले की त्यांना आवरावं लागतं, पण इथल्या गार एसीत आणि काचेच्या टेबलासमोर ते खुर्चीच्या कडेला अंग चोरून टेकले होते.

"शाळेला पत्रे पायजेत," एवढंच ते बोलले.

"किती हवीत?"

"वीस."

उमाशंकर चाटच पडला. लोक एक मागतात, फार तर दोन. हा गडी एकदम वीसवर बसला होता. इकडं कोंडीरामना ते 'हवीत' जरा खटकलं. पत्रे हवेत म्हणतात, हवीत कुठलं? पण शिकलेल्या माणसांत तसं म्हणत असतील. पुढं त्यांनी सांगितलं की जरा जाड बघून द्या, मागचे पातळ होते, वाऱ्यानं उडाले. आता 'मागचे' उमाशंकरला खटकलं, पण वाडीवरच्या माणसाला काय बोलायचं? दोघांनीही एकमेकांचं व्याकरण मोठ्या मनानं पोटात घातलं.

वर साहेबांचं नाव ठळक येईल, असं उमाशंकरनं बजावलं. खुशाल टाका, कोंडीराम म्हणाले, लांबनं दिसलं तर बरंच हाय.

शेजारी नागूबाई पदर सावरून बसली होती. ती शाळेत खिचडी शिजवते. अवकाळीच्या वाऱ्यात दोन वर्गांचं छप्पर उडून थेट शेजारच्या उसात जाऊन पडलं, तेव्हापासून सुट्टी लागेस्तोवर तिसरी-चौथीची पोरं लिंबाखाली बसत होती. शाळा उघडायच्या आत छप्पर झालं नाही, तर ही पोरं हायवेपलीकडच्या गावात धाडू, असं शिक्षण खात्याच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं. नागूबाईची नात निकिता तिसरीत. एवढीशी पोर, आणि त्या रस्त्यानं ट्रक कसे सुटतात ते नागूबाईनं बघितलेलं. तिला लई भ्या वाटत होतं. म्हणून तर ती जन्मात पहिल्यांदा आमदाराच्या दारात आली होती.

आजच मिळतील का, तिनं भीत भीत विचारलं. चहा होईस्तोवर मिळतील, उमाशंकर म्हणाला. नागूबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. न्यायला टेंपो सांगायचा का, तिनं विचारलं, तर तो हसून म्हणाला, "मावशी, पिशवीत मावतील की."

साहेबांकडचा माणूस आपल्याशी थट्टा करतोय म्हणून नागूबाईही हसली. चहा गोड लागला.

चहा संपला आणि उमाशंकरनं आतून गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. वीस पत्रे. जाड कागद, वर साहेबांचं नाव ठळक, खाली साहेबांनी आत फोनवर बोलता बोलता केलेली सही.

कोंडीरामनी कागदाकडं बघितलं, मग नागूबाईकडं. मग त्यांनी मोठ्यानं वाचायला घेतलं. पहिलं पालकमंत्र्यांना, दुसरं शिक्षणमंत्र्यांना, मग जिल्हाधिकारी. पुढं पुढं उमाशंकरची माणसं संपत आली असावीत, कारण एक मत्स्यव्यवसाय खात्यालाही होतं. आणि विसावं वाचताना कोंडीराम अडखळले. ते खुद्द आमदारसाहेबांनाच लिहिलेलं होतं. मागं साहेबांना भेटायला थांबलेल्यांच्या रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं.

एवढ्यात आतलं दार उघडून साहेब बाहेर आले. त्यांना कुठल्याशा लग्नाला जायचं होतं आणि उशीर झाला होता. नागूबाई उठली आणि विसावा कागद उचलून वाटेत उभी राहिली.

"सायेब, ह्ये तुमच्या नावचं हाय."

साहेबांनी सवयीनं कागद घेतला, सवयीनं उमाशंकरकडं द्यायला हात लांब केला, आणि मध्येच त्यांची नजर त्यावर पडली. सदर शाळेच्या छपरासाठी आपल्या निधीतून तातडीनं मदत करावी, ही नम्र विनंती. छपराचं तेवढं टायपिंगवाल्यानं निवेदन उघडून घेतलं होतं, असं दिसलं. साहेबांनी कागद उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला.

"सही तर माझीच आहे," ते म्हणाले.

"व्हय की," नागूबाई म्हणाली. "आमचं न्हाय ऐकलं तरी चालंल, सायेब. ह्या सायबाचं तरी ऐका. लई मोठा माणूस हाय म्हणत्यात."

आता सगळी रांगच हसली. साहेबही हसले. पण नागूबाई काही हसत नव्हती आणि वाटेतनं हलतही नव्हती, तेव्हा त्यांचं हसू हळूहळू आटलं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

"उमाशंकर, हार्डवेअरवाल्याला फोन लाव. वीस पत्रे आजच्या आज वाडीवर पोचले पाहिजेत."

"ती कुणाच्या नावानं लिहू, साहेब?"

"अरे, लिहू नकोस! लोखंडाचे पत्रे!"

उमाशंकरनं तिथंच उभ्यानं फोन केला. मग टेंपो भरतोय म्हणून सांगितलं आणि ओशाळून हात पुढं केला. राहिलेली एकोणीस द्या मावशी, म्हणाला, आता त्यांचा काय उपयोग, फाडून टाकतो.

नागूबाईनं गठ्ठा पिशवीत घातला. खरंच मावला. तिनं पिशवीच्या बंदांना गाठ मारली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पत्रे चढले की पत्रं परत देते."